सात शब्दांचा प्रवास

मी तळोज्याला राहतो असं सांगितलं की नवखा माणूस क्षणभर माझ्याकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "किती वर्षं?" आमच्या तळोज्यात औद्योगिक वसाहत आहे, सिडकोच्या इमारती आहेत, २०२३ च्या नोव्हेंबरात पेंधरपर्यंत मेट्रोसुद्धा आली, पण लोकांना आठवतं ते मध्यवर्ती कारागृह. अशा गावच्या माणसाला वर्षातून एकदा सुटावंसं वाटलं तर त्यात नवल काय? तेव्हा गेल्या डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकून, सौ. आणि चिरंजीव यांच्यासह मी सुटलो आणि मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बेटावर जाऊन आलो.

आमच्या सोसायटीचा वार्षिक अंक निघतो. त्याचे संपादक निवृत्त आहेत. कशातून निवृत्त ते मला ठाऊक नाही. संपादनातून नाहीत एवढं नक्की. मी परत आल्याची बातमी वॉचमनकडून कळताच ते दारात हजर. "दोन पानं प्रवासवर्णन द्या. फोटो असला तर उत्तम."

मी उत्साहाने पाच पानं लिहिली. त्यातली साडेतीन बसवर, एक किल्ल्यावर आणि अर्धं माशांवर. चार दिवसांनी हस्तलिखित परत आलं. बसच्या साडेतीन पानांवर तांबड्या शाईची फुली होती आणि समासात हुकूम होता: "बस गाळावी. किल्ला वाढवावा." गाळलेल्या जागी संपादकांनी स्वहस्ते एक वाक्य घातलं होतं: "रात्रीचा प्रवास करून सकाळी आम्ही मालवणला पोचलो."

सात शब्द. मी मोजले. बँकेच्या काउंटरवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याने दिलेली कुठलीही गोष्ट मोजून घ्यायची खोड लागते. आणि मोजल्यावर लक्षात आलं की सातातला एक शब्द खोटा आहे. आम्ही सकाळी पोचलोच नव्हतो. दुपारी अडीचला पोचलो.

वाङ्मयीन टीका हा माझा प्रांत नव्हे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पण हिशेबात कुठे दडवादडवी आहे ते मला वासावरून कळतं. हजारो रुपये 'किरकोळ खर्च' या एका ओळीत कोंबलेले दिसले की समजावं, खरी गोष्ट तिथेच आहे. मराठी प्रवासवर्णनातली 'किरकोळ खर्चा'ची ओळ म्हणजे हे सात शब्दांचं वाक्य. गाव बदलतं, वाक्य तेच राहतं. दिवाळी अंक काढा, ऑफिसची स्मरणिका काढा, साडूने पाठवलेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'आमची अविस्मरणीय सहल' काढा. दुसऱ्या परिच्छेदात लेखक पोचलेला असतो. मग समुद्र अथांग होतो, वनराई गर्द होते, सूर्यास्त डोळ्यांचं पारणं फेडतो आणि पुरातत्त्व खात्याच्या फलकावरचा मजकूर लेखकाच्या स्वतःच्या चिंतनात जमा होतो. म्हणजे नावात प्रवास आणि आत नुसता मुक्काम. याला मुक्कामवर्णन म्हणायला हवं.

आता लेखक बसची रात्र का गाळतो? कंटाळवाणी असते म्हणून? छे! त्या रात्री लेखक लेखक नसतो, म्हणून. किल्ल्यावर तो उभा राहतो, बघतो, विचार करतो, कठड्याला हात टेकून इतिहासाशी बोलतो. बसमध्ये तो नुसतं सामान असतो. त्याला चढवतात, आडवं करतात, हलवतात, आपटतात आणि उतरवतात. शिवाय आजूबाजूला इतर सामान असतं, आणि तेही घोरत असतं. आपली अशी अवस्था चारचौघांत सांगायला हिंमत लागते.

पटत नसेल तर आमची ती रात्रच पुराव्यादाखल सादर करतो.

आमची बस खाजगी, स्लीपर. कळंबोलीला रात्री साडेनऊची वेळ दिली होती. बसवाल्यांच्या भाषेत 'पाच मिनिटं' हे कालमापनाचं एकक नसून आशीर्वाद देण्याची एक पद्धत आहे. "पाच मिनिटांत पोचतोय साहेब," हा आशीर्वाद आम्हाला फोनवर सहा वेळा मिळाला आणि अकराला दहा कमी असताना बस आली. आत दोन्ही बाजूंना पडदे लावलेल्या दुमजली खणांची रांग होती. एकदम आमच्या बँकेतल्या लॉकरच्या खोलीची आठवण झाली. फरक इतकाच की आमचे लॉकर हलत नाहीत. सौ. आणि चिरंजीव खालच्या खणात शिरले. मी वरच्या खणात चढलो, तो तिसऱ्या प्रयत्नात. अंगावर घ्यायला दिलेल्या ब्लँकेटला माझ्या आधीच्या सगळ्या प्रवाशांचा सहवास लाभला होता.

पळस्पे फाटा गेला, पेण आलं. पेण तालुका म्हटला की लोकांना गणपती आठवतात. मला आडव्या अवस्थेत आठवले ते विष्णुभट गोडसे. याच तालुक्यातल्या वरसईचे. डोक्यावर कर्ज झालेलं, म्हणून १८५७ साली हा माणूस चुलत्याबरोबर उत्तरेला निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या, तिथे दक्षिणा मिळेल, घरची ओढगस्त संपेल, एवढाच हेतू. वाटेत गाठ पडली ती बंडाशी! पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, उपाशी राहिले, आणि शेवटी घरी परतले ते आईवडिलांना गंगास्नान घालायला खांद्यावर गंगेची कावड घेऊन. 'माझा प्रवास' वाचताना आपण कुठेही 'पोचत' नाही. भटजी सतत वाटेवर असतात आणि वाटेवर भेटलेली माणसं पानापानातून बोलत राहतात. आमच्या संपादकांच्या हाती हे पुस्तक पडलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं: "रस्ता गाळावा. मथुरा वाढवावी."

विनोद सोडा, पण असं थोडंफार झालंसुद्धा. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापलं तेव्हा मूळ लिखाणात पुष्कळ फेरफार केले. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक निघालं ते १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या हातून. म्हणजे एकोणसाठ वर्षं! वैद्यांनी निदान पुस्तक जगवलं, हे त्यांचे उपकारच. आमच्या संपादकांनी गाळलेली बस परत यायला तेवढीच वर्षं लागली तर मी शंभरी ओलांडलेली असेन. म्हणून मी ती आत्ताच लिहून ठेवतोय.

सव्वादोनच्या सुमारास महाड आलं. इथे बसमध्ये एक गोष्ट घडली, म्हणजे खरं तर काहीच घडलं नाही. पण सावित्रीच्या पुलावर बस चढली तेव्हा मागच्या खणात चाललेली कुजबुज थांबली. समोरच्या खणातल्या म्हाताऱ्याने पडदा सरकवून काचेबाहेर हात जोडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजी अमदानीतला पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या गेल्या. जयगडहून मुंबईला येणारी एक, राजापूरहून बोरिवलीला येणारी दुसरी. त्यातल्या कुणीतरी घरी सांगितलंच असेल, सकाळी पोचतो म्हणून. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला, चांगला रुंद आहे, आणि बस तो काही क्षणांत ओलांडते. पण त्या रात्रीपासून 'सकाळी आम्ही पोचलो' हे वाक्य मला इतकं सहज लिहिता येत नाही. ते वाक्य खरं ठरायला ड्रायव्हर, पूल, नदी आणि नशीब या सगळ्यांनी रात्रभर काम केलेलं असतं. निदान त्यांची दखल तरी घ्या!

त्यानंतर मला झोप लागली असावी. कारण जाग आली ती बस हलायची थांबल्यामुळे. साडेतीन वाजले होते. खेड मागे पडलं होतं आणि लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीजवळ इंजिनाचा पट्टा तुटून बस कडेला उभी होती. हवेत एक ओळखीचा रासायनिक वास होता. चिरंजीव झोपेतच म्हणाले, "बाबा, घर आलं वाटतं."

पट्टा चिपळूणहून यायचा होता. त्यालाही पाच मिनिटं लागणार होती.

एकेक प्रवासी खाली उतरला. पडद्याआड नुसती घोरणी होती, त्यांना आता चेहरे आले. रस्त्यावर चर्चा सुरू झाली. या महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि एक तप उलटलं तरी पुरतं संपलं नव्हतं, या विषयावर कोकणातली कुठलीही दोन माणसं तासभर बोलू शकतात. आम्ही तर तिशीच्या घरात होतो. पण एक तरुण त्यात नव्हता. दरवाजाच्या पायरीवर छातीशी पिशवी धरून बसला होता. सौ. ने विचारलं, "काय रे, बरं वाटत नाही का?"

"बर्फ गावात काय खंय?" तो म्हणाला.

तो तळोज्याच्याच एका कारखान्यात पाळीला होता आणि कणकवलीजवळच्या आपल्या गावी चालला होता. वडिलांना लागणारं इन्शुलिन आठवडाभर तिथल्या दुकानात आलं नव्हतं, म्हणून पनवेलहून घेतलं होतं. दुकानदाराने थंड ठेवायला सांगितलं होतं. पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि गाव अजून दोनशे किलोमीटर होतं. "माका काय समजणा नाय," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

रुंदीकरणाची चर्चा तिथल्या तिथे बंद पडली. पहाटे चारला महामार्गावर बर्फ शोधायचा कुठे? एकाने पुढचं हॉटेल गाठलं, ते बंद. दुसऱ्याने येणाऱ्या गाड्यांना हात करायला सुरुवात केली. तिसऱ्याने मोबाइलवर 'बर्फ' असं शोधलं तर त्याला हिमालयाच्या सहली दिसल्या. शेवटी समोरून एक ट्रक आला. तो दिसायच्या आधी त्याचा वास आला. मागून पाणी टिपटिपत होतं. अर्धी बस रस्त्यावर उतरली आणि ट्रक थांबवला.

"काय आहे आत?"

"सुरमई, बांगडो."

"कुठून?"

"मालवण."

"कुठे?"

"तळोजा."

मी हसलो, तसा ट्रकवाला दचकला. त्याला काय सांगणार? आमच्या वसाहतीत मासे गोठवून परदेशी धाडणारे कारखाने आहेत. म्हणजे मालवणचे मासे तळोज्याला निघाले होते आणि तळोज्याची माणसं मासे खायला मालवणला. लोट्यापाशी आमची चुकामूक होता होता टळली.

ट्रकवाल्याने टॉमीने बर्फाचा खडा फोडून दिला. पैसे घेतले नाहीत. आता बर्फ ठेवायचा कशात? आणि इथे मी आमच्या संसारातली एक ऐतिहासिक घटना पाहिली. सौ. ने आपला स्टीलचा डबा काढला. हा डबा सासूबाईंच्या नावाचा आहे. नाव आणि लग्नाची तारीख त्यावर कोरलेली आहे. शेजारी कुणी मागितला तर आमच्याकडे डबाच नसतो. त्यात बत्तीस बेसनलाडू होते. सौ. ने डबा उघडला आणि चढत्या क्रमाने, ड्रायव्हरपासून म्हाताऱ्यापर्यंत, सगळे लाडू वाटून टाकले. मला अर्धा मिळाला. मग डब्यात बर्फ, बर्फावर घडी घातलेला आमचा टर्किश टॉवेल, त्यात ते इन्शुलिन आणि वर घट्ट झाकण. पट्टा येईपर्यंत तो डबा आळीपाळीने मांडीवर घेऊन बसायला माणसांची रांग लागली. अर्ध्या तासापूर्वी ती माणसं एकमेकांच्या घोरण्यावर चडफडत होती.

सात वाजता, पट्टा आल्यावर, मागच्या वरच्या खणातून एक बाई उतरल्या. रात्रभर कानात बोळे घालून झोपल्या होत्या. त्या निघाल्या नर्स. त्यांनी डबा उघडून बघितला, हुंगला आणि म्हणाल्या, "अहो, थंडीतल्या एका रात्रीने इन्शुलिनला काही होत नाही. उलट थेट बर्फात ठेवून गोठलं असतं, तर मात्र फेकून द्यावं लागलं असतं. टॉवेल घातलात म्हणून वाचलं."

म्हणजे आमचा सगळा पराक्रम शास्त्राच्या दृष्टीने अनावश्यक होता. बत्तीस लाडू, एक ट्रक, तीस माणसांची झोप, सगळं जमेत शून्य! क्षणभर सगळे ओशाळले. मग तो म्हातारा म्हणाला, "जाऊ दे. लाडू बरे होते." आणि बस हसत हसत सुटली.

कणकवलीला तो तरुण डबा घेऊनच उतरला. सौ. बघत राहिली, पण काही बोलली नाही.

ही माझी साडेतीन पानं. समासातल्या हुकुमाप्रमाणे मी आता किल्ला वाढवायला हवा. वाढवतो. सिंधुदुर्ग १६६४ साली बांधायला घेतला, कुरटे बेटावर. क्षेत्र अठ्ठेचाळीस एकर. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. भोवती खारा समुद्र असून आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. सगळं खरं आहे, सगळं बघण्यासारखं आहे, आणि हे सगळं मी जाण्याआधीही मला माहीत होतं. घरात बसून लिहिता आलं असतं. किल्ल्यावर मला खरोखर नवीन दिसलं ते एवढंच, की आमच्या होडीत गॅसचं सिलिंडर आणि कांद्याचं पोतं होतं. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. आमची सहल ती त्यांची बाजारहाट. ज्या होडीत आम्ही फोटो काढत होतो तिच्यात ती माणसं घड्याळाकडे बघत होती. कालच्या रात्रीच्या बसमध्येही असंच नव्हतं का? आमचं बेट म्हणजे त्या पोराचं घर होतं. बस एकच, आम्ही हौसेला निघालो होतो आणि तो वडिलांच्या औषधाला.

माझी मूळ तक्रार ती हीच. पोचल्यावर लेखकाला जागा दिसते. वाटेवर माणसं दिसतात. इरावती कर्वे वारीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. 'परिपूर्ती'तला त्यांचा 'वाटचाल' हा लेख वाचा. त्यात देवळाहून मोठी आहे ती दिंडी; तिच्यात बरोबर चालणाऱ्या बाया आणि जेवणाच्या वेळी जातीपातीने वेगळ्या होणाऱ्या पंगती. त्यांना नाव पडलंय ललित निबंधाचं. पु. लं. ची 'म्हैस' घ्या. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली गाडी म्हशीपायी वाटेतच अडते आणि अख्खा महाराष्ट्र त्या गाडीत बसून घेतो. तिला नाव विनोदी कथनाचं. गोडसे भटजींचं पुस्तक जाऊन बसलं इतिहासाच्या कपाटात. म्हणजे ज्यात खरोखर प्रवास आहे ते प्रत्येक लिखाण आपण दुसऱ्या खात्यावर टाकलं आणि 'प्रवासवर्णन' या खात्यात सूर्यास्त तेवढे शिल्लक ठेवले. माझ्या हातात असतं तर या चुकीच्या नोंदी आजच उलटवल्या असत्या.

अर्थात हातात असतं तर. अंक निघाला. त्यात माझा लेख आहे, पाऊण पान. दुसरं वाक्य सात शब्दांचं आहे. किल्ल्याचा फोटो सुरेख आलाय. तो माझा नाही, संपादकांच्या जावयाने काढलेला आहे.

अंकाच्या प्रकाशनानंतरच्या रविवारी बेल वाजली. दारात तो तरुण. सोसायटीचं नाव सौ. ने बसमध्येच सांगून ठेवलं होतं. बायकांचा व्यवहार पक्का असतो. "बाबा बरे आसत," तो म्हणाला आणि डबा पुढे केला. घासून लख्ख केलेला, सासूबाईंचं नाव चकाकत होतं. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत तळोज्यालाही आहे आणि कणकवलीलाही. आत मालवणी खाजं भरलं होतं. पण झाकण उघडल्यावर मला सुरमईचा पुसटसा वास आल्यावाचून राहिला नाही. सौ. म्हणते, तो माझ्या मनाचा खेळ.

तेवढ्यात मानधन म्हणून अंकाची दुसरी प्रत द्यायला संपादक आले. बसले. सौ. ने बशी पुढे केली. एक तुकडा तोंडात टाकून ते म्हणाले, "वा! अगदी अस्सल आहे हो. कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "तुम्ही गाळलेल्या मजकुरातून."